टिपणीसकाकांचं तोंड गोड होईपर्यंत

ज्या माणसाच्या मुलीचा अजून तेरावाही झाला नव्हता, त्याच्या हातात मी पेढ्यांचा पुडा ठेवला आणि त्याच्या गुळगुळीत डोक्याकडे बघून विचारलं, "तिरुपतीला जाऊन आलात वाटतं?"

माझ्या बचावासाठी मी आजवर बरीच कारणं गोळा केली आहेत. आम्ही पुण्याहून नोएडाला नुकतेच राहायला आलो होतो. लिफ्टमध्ये, गेटवर, भाजीच्या ठेल्यावर हिंदी ऐकून कान किटले होते, आणि समोरच्याच दारावर देवनागरीत पाटी होती, 'टिपणीस'. परमुलखात मराठी पाटी दिसली की माणसाची बुद्धी आधी जाते आणि मग हात बेलकडे जातो. दाराबाहेर चपलांचा हा ढीग. तो बघून मला वाटलं, वा, माणसांची आवड असलेलं घर दिसतंय! माझी बायको मंजिरी मागून "अरे, थांब जरा" म्हणत होती. हे वाक्य ती लग्नापासून म्हणतेय आणि मी अजून एकदाही थांबलेलो नाही.

"तिरुपतीला नाही," दारातले उंच, वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले. "गढमुक्तेश्वरला."

"अरे वा! जागृत देवस्थान आहे म्हणे!"

गढमुक्तेश्वर म्हणजे दिल्लीची माणसं अस्थी घेऊन गंगेवर जातात तो घाट, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते गृहस्थ बाजूला झाले आणि म्हणाले, "आत या."

आत जमिनीवर सतरंज्या, भिंतीला टेकून बसलेली माणसं, समई, आणि समईच्या मागे एका हसणाऱ्या मुलीचा फोटो. खांद्यापर्यंत केस, गालावर काहीतरी तपकिरी लागलेलं.

"कोण आहे हो?" कोपऱ्यातून एका बाईंनी विचारलं.

"समोरचे. पेढे घेऊन आलेत."

आणि मग त्या बाई हसल्या. चांगलं मोठ्यानं हसल्या, आणि ते हसणं मध्येच वळलं आणि त्या रडायला लागल्या. बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या. मी पुडा पाठीमागे लपवायचा प्रयत्न करत होतो, पण तो मी केव्हाच देऊन बसलो होतो. पुढे बऱ्याच महिन्यांनी टिपणीसकाका मला म्हणाले, "शर्वरी गेल्यापासून ही रडली नव्हती. आम्ही सगळे घाबरलो होतो. ते काम तुमच्या पेढ्यांनी केलं, सुहासराव." माझ्या हातून आयुष्यात जी चार चांगली कामं झाली, ती सगळी अशीच झालेली आहेत.

त्या दिवशी त्यांनी पुडा सोडला, एक पेढा उचलून नुसता हुंगला. "मथुरेचा. खवा मनापासून भाजलाय." परत ठेवला. "आत्ता आम्हाला चालत नाही. तुम्ही तेराव्याला या. दुखवटा काढायला, तोंड गोड करायला सोयऱ्यांतलं कुणीतरी लागतं. हिचा भाऊ पुण्याला आजारी आहे. तुम्ही पुण्याचेच ना?"

"हो."

"मग झालं."

अशा रीतीनं मी टिपणीसांचा सोयरा झालो.

काकांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात गेली आणि सगळा संसार सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. निवृत्तीनंतर नोएडाचा हा फ्लॅट. कारकुनी सुटली होती, पण भाषा सुटली नव्हती. ताटातल्या प्रत्येक पदार्थावर ते शेरा मारत. आमटी 'मंजूर'. नवीन प्रकारचं लोणचं 'विचाराधीन'. माझ्या हातचा चहा 'पुनर्विचारार्थ परत'. आणि हे शेरे खोटे नसत, हीच त्यांची पंचाईत होती. सरोजिनी नगरात असताना एका घरी लग्नाच्या पंगतीत वधूपित्यानं हात जोडून विचारलं, "बासुंदी कशी झालीये?" काका म्हणाले, "दूध आटवायला घेतलं होतं, मग विचार बदललेला दिसतो." काकू सांगत, त्या घरानं पुढे यांना बारशालासुद्धा बोलावलं नाही.

गोडावर त्यांचा जीव होता. वरणात गूळ, पोळीवर साखर, शिकरणात परत साखर. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात श्रीखंड असलं की ऑफिसातून अर्धी रजा टाकून जात. वाटी संपवून, बोट चाटून, उभ्या उभ्या 'मंजूर' म्हणत, आणि ते ऐकायला आचारी मुदपाकखान्याच्या दाराशी येऊन थांबे. काकूंच्या हातचं निनावं म्हणजे डाळीच्या पिठाची आणि नारळाच्या दुधाची ती खरपूस वडी. ती तर ते शेरा न मारताच खात. "जिथे सही आपलीच आहे तिथे शेरा कशाला," म्हणत.

असल्या माणसाच्या पोटी ही मुलगी आली. शर्वरी दिल्लीत वाढलेली, नोएडाच्या आयटी कंपनीत चांगल्या नोकरीला होती. एक दिवस ती सोडून घरात चॉकलेट बनवायला लागली. केरळातून कोकोच्या बिया मागवायच्या, ओव्हनमध्ये भाजायच्या, फोलपटं पाखडायची आणि दगडी चाकांच्या एका छोट्या यंत्रात दिवसेंदिवस वाटत ठेवायच्या. घरघर रात्रंदिवस चालू. आणि त्यात साखर किती? नावाला. दूध तर नाहीच. पहिली वडी तिनं बापापुढे धरली.

"बाबा, प्लीज यार, एकदा टेस्ट तर करा."

काकांनी तुकडा तोंडात टाकला, चावला, पाणी मागितलं. "पुनर्विचारार्थ परत."

"परत कशाला? यही फायनल आहे."

"मग नामंजूर. हे काढा म्हणून वीक."

तिनं वाईट वाटून घेतलं नाही. "बाबा, तुमची जीभ श्रीखंडात डुबलीय. हळूहळू वर येईल. मी थांबते ना," असं म्हणाली. दर नव्या वडीचा पहिला तुकडा त्यांच्यापुढे येई आणि दर वेळी तोच शेरा घेऊन परत जाई. तिच्या मैत्रिणी म्हणत, अगं, बापच तो, एकदा छान म्हटलं तर काय बिघडलं त्यांचं? पण ते खोटं छान तिलाच नको होतं. मग दिवाळीच्या तोंडावर डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत ती गेली. थांबते म्हणाली होती.

तेराव्याला मी परत पेढे घेऊन गेलो. गोडाची पानं वाढली होती. पाटावर बसलेल्या काकांच्या तोंडाशी मी पेढा नेला, तर त्यांनी मनगट धरलं.

"पेढा नको. थांबा."

ते आतल्या खोलीत गेले आणि एक वडी घेऊन आले. तपकिरी कागद, त्यावर हातानं उमटवलेलं पान, सुती दोरा. "याच्यानं करा."

मी एक तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घातला. भटजी बघत होते, काकू बघत होत्या. काकांचा चेहरा हळूहळू आवळत गेला. त्यांनी गिळलं.

"कडू आहे," ते म्हणाले.

"मग तोंड गोड कसं व्हायचं?" भटजींनी विचारलं.

"होईल तेव्हा होईल. तोवर दुखवटा निघाला नाही असं धरा."

असं म्हणून त्यांनी पुढ्यातली जिलबीची वाटी सरकवून दिली. मला वाटलं, दुःखाच्या भरात बोलताहेत. पण त्या दिवसापासून टिपणीसकाकांनी गोड सोडलं. चहात साखर बंद. वरणात गूळ बंद. संक्रांतीला मंजिरीनं दिलेला तिळगूळ त्यांनी कपाळाला लावून परत डब्यात ठेवला. रोज संध्याकाळी जेवणाआधी शर्वरीच्या चॉकलेटचा एक तुकडा तेवढा खायचा. तो ज्या दिवशी मनापासून आवडेल, त्या दिवशी तोंड गोड झालं म्हणायचं. आणि खोटं म्हणायची सोय नाही, कारण जीभ टिपणीसांची.

"अहो, आणि नाहीच आवडलं तर?" मी एकदा विचारलं.

"कपाटात आहे तोवर वेळ आहे."

कपाट तिच्या खोलीत होतं, लोखंडी, वड्यांनी भरलेलं. त्या खोलीतला एसी थंडी असो की उन्हाळा, चालूच. चॉकलेटला उष्णता सोसत नाही म्हणून. नवरा-बायको स्वतः पंख्याखाली झोपत. दोन फ्लॅटांच्या मधल्या सामाईक डक्टमध्ये त्या एसीचं बाहेरचं यंत्र होतं. रात्री आमच्या स्वयंपाकघरातून त्याची घरघर ऐकू यायची. मंजिरी म्हणायची, "शर्वरी जागी आहे."

दुखवट्याचा सोयरा म्हणून रोज संध्याकाळी एक तुकडा मलाही मिळे. इथे एक गोष्ट सांगायला हवी. मला कडू अजिबात सोसत नाही. कारल्याच्या भाजीचा वास आला की मी मित्राकडे जेवायला जातो. पहिला तुकडा मी गोळीसारखा गिळला आणि "वा! क्या बात है!" म्हणालो.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "इतक्या लवकर?"

"आमच्या पुण्यात लहानपणापासून सवय असते," मी म्हणालो. मला अजूनही कळलेलं नाही, मी असं का म्हणालो.

मग काका मला शिकवू लागले. जे स्वतःला येत नाही ते शिकवायची त्यांची पद्धत फार सुंदर होती. चावायचं नाही. जिभेवर ठेवायचं. तोंड मिटायचं, नाकानं श्वास सोडायचा. "हा जो पहिला कडूपणा येतो ना, तो साहेबाच्या दाराबाहेरचा शिपाई. नवखा माणूस त्याच्याशीच भांडत बसतो. भांडायचं नाही. बाकड्यावर बसायचं. आपण उठत नाही असं बघितलं की तो आपोआप बाजूला होतो."

"आणि आत कोण आहे?"

"ते मला कुठे माहीत? ती सांगायची, आत मनुका आहे, भाजलेला दाणा आहे, शेवटी संत्र्याची साल आहे. आणि ते जीभ ओढणारं काहीतरी आहे, त्याला ती 'वो सूखा-सूखा' म्हणायची. मी तिला तुरट हा शब्द शिकवला. एवढंच मी तिच्या धंद्याला दिलं."

मग ते डोळे मिटून बसत. खाली पार्कात पोरं क्रिकेटवरून भांडत असत. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येई, "काय हो, गेलात का आत?"

"नाही. बसवून ठेवलंय."

"मग जेवायला या."

काकू स्वतः त्या चॉकलेटला हात लावत नसत. एकदा मी आग्रह केला, तर म्हणाल्या, "तिनं केलेलं मी तेव्हाही छान म्हणत होते. माझ्या छानला तिच्या लेखी किंमत नव्हती. ह्यांचं चाललंय ते ह्यांचं."

सगळा हिवाळा असा गेला. मी तुकडा तोंडाशी नेई, "वा" म्हणे आणि काकांचे डोळे मिटले की तो शर्टाच्या खिशात सोडून देई. मेलेल्या पोरीच्या हातचं फेकायचा धीर नव्हता आणि खायचा तर नव्हताच. घरी आलो की फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे एक स्टीलचा डबा होता, त्यात.

मे महिन्यात काकूंच्या भावाचं ऑपरेशन ठरलं आणि दोघं पुण्याला गेली, वड्या उन्हात टिकणार नाहीत म्हणून इथेच ठेवून. किल्ली माझ्याकडे. "तुळशीला पाणी घाला. विसरलात तरी चालेल. एसी बंद करू नका. तेवढं चालणार नाही," काका म्हणाले.

एवढी सोपी कामगिरी माझ्यासारख्या माणसाला देऊ नये. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बघतो तर एसीतून पाणी गळून तिच्या खोलीत तळं झालेलं. मी अत्यंत जबाबदारीनं एसी बंद केला, फरशी पुसली, मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "कल पक्का." दिल्लीतला 'कल पक्का' म्हणजे काय ते मला तोवर कळायला हवं होतं. मधे ऑफिसात एक प्रेझेंटेशन आलं. बाहेर लू चालली होती, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मेकॅनिक अखेर आला तेव्हा खोलीत पाऊल टाकताच मला तो वास आला. गोड नाही, भाजका, ओला. कपाटाच्या फळीवरून काहीतरी ओघळलं होतं.

एसी सुरू झाला, सगळं परत घट्ट झालं, मी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी एक वडी उघडून पाहिली तर तिच्यावर पांढुरके चट्टे. दुसरी उघडली, तेच. सगळ्यांवर. माझ्या डोक्यात एकच शब्द आला, बुरशी. म्हातारा माणूस रोज हे खाणार. म्हणून मी सगळ्याच्या सगळ्या वड्या काळ्या पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत घातल्या. वर स्वतःच्या प्रसंगावधानाचं कौतुकही केलं.

कागद मात्र टाकवले नाहीत. आणि कागद समोर दिसले तेव्हा मला ती कल्पना सुचली. मॉलमध्ये जाऊन मी महागडं परदेशी चॉकलेट घेऊन आलो. कोकोचे टक्के तिच्यापेक्षा जास्तच. एक सबंध रविवार बसून ते शर्वरीच्या कागदांत गुंडाळलं, तिच्यासारखी दोऱ्याची गाठ मारली. मंजिरी दारात उभी राहून बघत होती.

"काका शेरे मारत आयुष्य जगलेत, अरे. त्यांना कळणार नाही?"

"कडू ते कडू," मी म्हणालो.

ती दोघं पुण्याहून आली त्याच संध्याकाळी मला हाक आली. काकांनी कागद सोडला, दोरा बोटाला गुंडाळला, तुकडा जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मी बाकड्यावर बसल्यासारखा बसून राहिलो.

"मंजूर," काका म्हणाले.

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. "काय म्हणालात?"

"मंजूर म्हणालो. चांगलं आहे. गोड आहे." त्यांनी डोळे उघडले. उरलेली वडी उलटसुलट करून बघितली. "दारात शिपाईच नाही. सरळ आत गेलो. आत कुणी नाही." मग माझ्याकडे बघितलं. "हे तिचं नाही. तिचं कुठाय, सुहासराव?"

मी सांगितलं. पाणी, मेकॅनिक, चट्टे, पिशवी. सांगताना माझ्याच कानांना ते एखाद्या दुसऱ्या मूर्खाचं वाटत होतं.

"ते पांढरं म्हणजे कोकोचं तूप असतं," काका म्हणाले. आवाज चढला नाही. "वितळून परत गोठलं की वर येतं. तिनं मला दाखवलं होतं. खाता येतं."

"खाता येतं," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

काका बराच वेळ दोरा बोटाभोवती फिरवत राहिले. "गंमत बघा," ते म्हणाले. "पुण्याला रोज संध्याकाळी माझी जीभ काहीतरी शोधायची. मला वाटलं, पाणी बदललंय. आत्ता हे तोंडात घातलं तेव्हा कळलं, काय शोधत होती ते." मग उठले. "जा तुम्ही. जेवायची वेळ झाली."

दार त्यांनी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री डक्टमधली घरघर थांबली. मंजिरी ओट्याशी उभी होती, तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. पुढे कितीतरी संध्याकाळी मला हाक आली नाही. लिफ्टमध्ये काका भेटत, "काय, बरंय ना?" विचारत आणि आकड्यांकडे बघत राहत. ते रागावलेले नव्हते. जी गोष्ट त्यांना तिला सांगायची होती, ती त्यांना सापडली होती आणि ते सांगायचं साधन मी कचऱ्याच्या गाडीत घातलं होतं.

एका सकाळी मंजिरी फ्रिज पुसायला बसली. "हे काय आहे?" म्हणून तिनं डबा उघडला आणि बघतच राहिली. मग मला काही न विचारता माझ्या दंडाला धरून तिनं समोरची बेल वाजवली.

"काका, हा रोज तुमच्यासमोर 'वा' म्हणायचा ना?" तिनं डबा त्यांच्यापुढे धरला. "हे त्याचे वा. ह्याच्या शर्टांच्या खिशांना थंडीपासून डाग पडताहेत. मला वाटलं, ऑफिसात काहीतरी चोरून खातो."

काकांनी डब्यात बघितलं. अर्धवट विरघळून गोठलेले, कापसाचे धागे चिकटलेले, एकावर तर लाँड्रीच्या पावतीची शाई उमटलेली. सगळे शर्वरीचे.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"पहिला सोडून," मी म्हणालो.

"त्याचं काय केलंत?"

"गिळला. न चावता."

काकांच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा असावा. त्यांनी एक तुकडा उचलला, त्यावरचा धागा नखानं काढला, वास घेतला. "लिंबाचं लोणचं," असा शेरा मारला आणि जिभेवर ठेवला.

काकू बाहेर आल्या होत्या. आम्ही चौघं दारातच उभे होतो. काकांचे मिटलेले डोळे, आवळलेला जबडा. मग तो जबडा सैल झाला. कपाळावरची आठी गेली. मी तो चेहरा इतक्या संध्याकाळी बघितला होता, पण असा कधी बघितला नव्हता.

"काय हो?" काकूंनी हळूच विचारलं. "बसवून ठेवलंय?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. "आत बोलावलं."

"कोण आहे आत?"

काकांचे डोळे मिटलेलेच होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तसाच त्यांनी डबा काकूंपुढे केला. काकूंनी जरा वेळ त्याच्याकडे बघितलं, एक तुकडा घेतला आणि पदराचं टोक तोंडावर धरून तो खाल्ला.

"कडू आहे हो," त्या म्हणाल्या.

"आहेच," काका म्हणाले. आणि मग भरल्या तोंडानं, "मंजिरी, पेढे आहेत का गं घरात?"

पेढे नव्हते. मंजिरी धावत जाऊन साखरेचा डबा घेऊन आली. मी सोयरा. मी दोघांच्याही जिभेवर चिमूट चिमूट साखर ठेवली. टिपणीसांचा दुखवटा असा, उंबरठ्यावर, पायजम्यात निघाला.

त्यानंतर वरणात गूळ परत आला, श्रीखंडही आलं. डब्यातले तुकडे मात्र फक्त रविवारी, आणि मला शिक्षा म्हणून काकांच्या देखरेखीखाली. "ठेवा जिभेवर. हात वर. वर ठेवा दोन्ही. आता तोंड उघडा. हं, मिटा." साठ फ्लॅटांच्या सोसायटीत समोरच्या बाल्कनीतली माणसं बघत असत, एक म्हातारा एका घोड्याएवढ्या माणसाचे हात वर करून त्याचं तोंड तपासतोय. मी तोंड वेडंवाकडं करून खात असे. थुंकायची सोय नव्हती, म्हणून थांबायला लागलो.

गेल्या थंडीतला एक रविवार. धुकं दुपारपर्यंत उतरलं नव्हतं, मग एकदम पिवळं ऊन पडलं. काका मफलर गुंडाळून खाली पार्कातल्या बाकावर बसले होते, डबा मांडीवर. डब्यात थोडेच तुकडे उरले होते. त्यांनी एकाचे दोन केले आणि मोठा मला दिला.

आम्ही दोघं डोळे मिटून बसलो.

"गेलात आत?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. बसवून ठेवलंय."

"बसा," काका म्हणाले. "उठून जाऊ नका."

त्यांचा मला ऐकू आलेला शेवटचा शब्द तो. त्याच आठवड्यात पहाटे झोपेतच ते गेले.

स्मशानातून परत आलो तेव्हा सोसायटीच्या गेटवर कडुनिंबाचा डहाळा ठेवला होता. रीतीप्रमाणे प्रत्येकानं एक पान चावायचं आणि थुंकायचं. बाकी सगळे थुंकले. मी विसरलो.

तेराव्याला मी रिकाम्या हातानं गेलो. हातात काही असलं की माझ्याकडून काहीतरी होतं. पुण्याहून आलेला भाचा विधी आटपून बसला होता. काकू भिंतीशी होत्या. समोर आता दोन फोटो. मला बघून त्यांनी मंजिरीला खूण केली, तिनं स्टीलचा डबा आणला. आत एकच तुकडा होता.

"करा तोंड गोड," काकू म्हणाल्या. "तुम्ही सोयरे."

मी त्याचे दोन केले. अर्धा त्यांच्या तोंडात घातला. अर्धा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तो जिभेवर ठेवला, तोंड मिटलं, नाकानं श्वास सोडला. आधी तो आला, नेहमीचा, खडूस. मी भांडलो नाही. बसलो. बराच वेळ बसलो. जीभ कोरडी पडली, मग ओली झाली. आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मनुका होती. संत्र्याची साल होती. थोडं लोणचंही होतं. आणि एक उंच माणूस डोळे मिटून बाकावर बसला होता.

मी डोळे उघडले तेव्हा काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"काकू," मी म्हणालो. "आवडलं मला. खरंच आवडलं."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आधी खिसा दाखवा," त्या म्हणाल्या.